वरच्या तुकड्यातल्या द्राक्षांचा वास

माझं लग्न झालं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. वडील नाशकात मास्तर होते, त्यामुळे द्राक्षं मी पाहिली होती ती बाजारातल्या पाटीत. सासर गंगापूरच्या वाटेवर, नदीच्या अंगाला. आज त्या बाजूला बंगले झाले आहेत. तिसाच्या सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्या मळ्यातून शेजारच्या मळ्यात हाक पोचायची नाही. घरात तीन माणसं: सासूबाई, माझे यजमान आणि मी. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. मी त्यांना 'हे' म्हणायचे, इथेही तसंच म्हणते.

ह्यांना बोलायला फारसं आवडायचं नाही. पण नाक विलक्षण होतं. सकाळी अंगणात उभे राहिले की विहिरीपलीकडच्या कोणत्या झाडाला मोहोर आलाय ते न बघता सांगायचे. द्राक्षाचा मणी दोन बोटांत चुरडून नाकाशी धरायचे आणि तो कोणत्या ओळीतला, ते सांगायचे. पहिल्यांदा मला वाटलं, नव्या नवरीसमोर ऐट करतायत. मग मी स्वतः मणी आणून दिले, पदराखाली लपवून, आणि ते पाचही वेळा बरोबर निघाले.

मळ्यात बाजारासाठी लावलेली भोकरी जातीच्या द्राक्षांची बाग होती, सगळ्यांच्याच मळ्यात असायची तशी. तिच्याशिवाय एक लहान बाग होती, तिला घरात 'पाद्रीबाबांची बाग' म्हणत. पाद्रीबाबा म्हणजे शहराबाहेरच्या एका चर्चचे म्हातारे पाद्री. परदेशातून तरुणपणी आलेले आणि इथेच म्हातारे झालेले. मराठी पुस्तकासारखं शुद्ध बोलायचे, फक्त 'ळ' त्यांना कधी जमला नाही. प्रार्थनेला त्यांना द्राक्षाची वाइन लागायची. लाल चालली असती, पण वेदीवरच्या पांढऱ्या कापडावर तिचे डाग पडतात, म्हणून त्यांना पांढरी हवी असायची, आणि ती ते स्वतः करायचे. त्यांच्या आवारात त्यांच्या देशाकडून आणलेला एक वेल होता, पांढऱ्या, वासाच्या द्राक्षांचा. एका वेलाने भागेना म्हणून त्यांनी त्याच्या काड्या ह्यांना दिल्या होत्या. माझ्या लग्नाच्या तीन वर्षं आधी ह्यांनी त्या लावल्या, सगळ्या एकाच दिवशी, पांगाऱ्याच्या खुंटांच्या आधाराने.

सासूबाईंना ते पसंत नव्हतं. "आपल्या मळ्यातल्या द्राक्षांची दारू व्हतीया, लोक काय म्हनत्याल?" त्या म्हणायच्या.

"आई, आपण द्राक्षं देतो. पुढचं त्यांचं त्यांनी बघावं," हे म्हणायचे, आणि तो विषय तिथेच थांबायचा.

ती बाग उतारावर होती. वरचा तुकडा मुरमाड, खोदलं की हाताला खडे लागायचे. खालचा तुकडा ओढ्याकाठचा, काळ्या मातीचा. खालचे वेल जोमदार, पानं पंजाएवढी, घड लांब आणि भरलेले. वरचे वेल किडमिडे, घड मुठीत मावतील एवढे, मणी वाटाण्याएवढे. येणारा जाणारा खालच्या तुकड्यापाशी थांबून कौतुक करायचा. वरच्या तुकड्याकडे कुणी बघायचं नाही.

मी आले त्या वर्षी फाल्गुनात पाद्रीबाबा टांग्यातून आले. बरोबर दोन लहान बाटल्या. आदल्या हंगामात त्यांनी वरची आणि खालची द्राक्षं वेगळ्या बरण्यांत घातली होती. ओसरीवर बसून त्यांनी दोन्ही बाटल्यांची बुचं काढली.

"प्यायची नाही," ते हसून म्हणाले, "नुसती हुंगायची. तेवढ्याने तुमचा धर्म जाणार नाही."

ह्यांनी हुंगल्या. मग दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बी बघ गं." सासूबाई मागच्या अंगणात होत्या. मी पटकन पुढे झाले. एका बाटलीत आंबूस वास होता, ताकाच्या निवळीसारखा, बाकी काही नाही. दुसरी नाकाशी नेली आणि मी दचकलेच. जाईची फुलं, थोडा मध, आणि त्याच्यामागे संत्र्याची साल सोलल्यावर येतो तसा काहीतरी तिखट वास.

"ही वरची," मी म्हणाले.

पाद्रीबाबांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्या घरात दोन नाकं आहेत," ते म्हणाले. माझ्या लग्नानंतर माझं कुणी केलेलं ते पहिलं कौतुक.

त्यानंतरची तीन वर्षं मी सुखात होते असं आज म्हणता येईल. तेव्हा ते कळत नव्हतं. हे एकाच प्रश्नाच्या मागे लागले होते. काडी एक, दिवस एक, हात एक. मग वास निम्म्या बागेतच का? पाद्रीबाबांचं म्हणणं असं की वास सालीत असतो, रसात नसतो. मणी लहान असला की साल जास्त आणि रस कमी. ह्यांना तेवढ्याने समाधान नव्हतं. खालच्या तुकड्यातसुद्धा कडेच्या दोन वेलांना थोडा वास होता, कारण तिथे पानं विरळ होती आणि सकाळचं ऊन घडांवर पडायचं. वरच्या तुकड्यातसुद्धा एक वेल मुका होता. मोटेचं पाणी पाटातून झिरपून त्याच्या मुळाशी मुरायचं. एकाच वेलावर पूर्वेकडचा घड वासाचा आणि पश्चिमेकडचा कमी, कारण दुपारच्या उन्हात मणी पिवळे पडून वास शिजल्यासारखा व्हायचा. हे सगळं ह्यांनी एकेक करून शोधलं. माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या वेलांना बांधल्या होत्या: लाल म्हणजे वासाचा, हिरवी म्हणजे मुका. मग त्यांनी खालच्या बाजूला घडांभोवतीची पानं काढून पाहिली, पिकण्याआधी महिनाभर पाणी तोडून पाहिलं. तीन वर्षांत काही हिरव्या चिंध्यांच्या जागी लाल चिंध्या आल्या. पहिली चिंधी बदलली त्या दिवशी हे घरात आले ते गुणगुणत. मी त्यांना गुणगुणताना तेवढं एकदाच ऐकलं.

पुढच्या भाद्रपदात ह्यांना ताप आला. तेरा दिवस उतरला नाही. नाक आणि डोकं गच्च धरलं होतं, डोळे उघडवत नव्हते. वणीकडचे एक वैद्य आले, काढे दिले, आणि ताप गेला. सासूबाईंनी वणीच्या देवीला नवस बोलला होता, तो त्या पायी जाऊन फेडून आल्या. हे उठले, जेवू लागले, मळ्यात जाऊ लागले. फक्त जेवताना मीठ मागायचे. वरचेवर मागायचे. तापाने तोंडाची चव गेली असेल असं मला वाटलं.

आश्विनात छाटणीनंतर बागेला मासळीचं खत घालायचं होतं. कोकणातून सुकी मासळी पोत्यांतून यायची, ती खड्ड्यात कुजवून भोकरीच्या बागेला द्यायचे. तो खड्डा उघडला की माणसं नाकातोंडाला फडकं बांधून काम करायची, आणि तरी मळमळायचं. मी दुपारी भाकरी घेऊन गेले. गडी लांब झाडाखाली बसले होते. हे खड्ड्याच्या काठावर बसले होते, फडकं न बांधता. मी भाकरी दिली आणि त्यांनी तिथेच खायला सुरुवात केली.

"तुम्हाला वास येत नाही?" मी पदर नाकाला लावून विचारलं.

"कशाचा?"

"अहो, मासळीचा."

ते घास चावत राहिले. मग घास गिळून म्हणाले, "कशाचाच येत नाय. ताप गेला तवापासून."

"येईल परत."

"महिना उलटून गेला. कांदा फोडून नाकाशी धरला. डोळ्यांतून पाणी आलं, पण वास नाय आला." त्यांनी उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. "कुणाला सांगायचं नाय. आईला नाय, आन् पाद्रीबाबांना तर नायच नाय."

मी कुणाला सांगितलं नाही.

माघात द्राक्षं पिकायला लागली तेव्हा त्यांनी मला बरोबर नेलं. सकाळी दव उतरलं की आम्ही वरच्या तुकड्यात जायचो. ते मणी तोडून चुरडायचे आणि माझ्या नाकाशी धरायचे. "बोल," म्हणायचे. मला सुरुवातीला शब्दच सापडायचे नाहीत. मी म्हणायचे, चांगला आहे. त्यावर ते चिडायचे नाहीत, म्हणायचे, "चांगला म्हंजे कसा? जाईवानी का हिरव्या गवतावानी? मध कितपत हाय?" हळूहळू मी सांगू लागले. हिरवं गवत अजून आहे, तीन दिवस थांबू. जाई आली, मध नाही. आज दोन्ही आहे, आज तोडा. ते डोळे मिटून ऐकायचे. मला वाटतं, मी बोलायचे तेव्हा त्यांना तो वास आठवत असावा. त्या वर्षीची द्राक्षं पाद्रीबाबांकडे गेली आणि निरोप आला की अशी वाइन आजवर झाली नव्हती.

निरोप ऐकून मी हसले. हे हसले नाहीत.

त्या उन्हाळ्यात त्यांचं वागणं बदललं. ताटावरून अर्धवट उठायचे. सगळं माती खाल्ल्यासारखं लागतं म्हणायचे. पांगाऱ्याचं पान, लिंबाचं पान, शेणाची गोवरी, काहीही तोडून चुरडून नाकाशी न्यायचे आणि फेकून द्यायचे. एकदा भोकरीचे मणी आणून मला म्हणाले, "हे पाद्रीबाबांच्या बागेत मागं राहिलेले हायेत, वास कसा हाय?" मी म्हणाले, "ही भोकरी आहे. तुम्ही माझी परीक्षा का घेताय?" ते म्हणाले, "दुसऱ्याच्या नाकावर बाग चालवतोय मी. परीक्षा घेऊ नको तर काय करू?" मला ते फार लागलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तेही बोलले नाहीत, पण त्यांचं ते नेहमीचंच होतं.

वरच्या तुकड्यातले काही वेल त्या वर्षी वाळू लागले होते. मुरमात मुळं किती दिवस तग धरणार? आधी ह्यांनी ते सहन केलं असतं, चारदोन वेल गेले तरी चालतील म्हणाले असते. आता त्यांना डोळ्यांना दिसेल तेच दिसत होतं, आणि डोळ्यांना वाळका वेल दिसत होता. आश्विनात त्यांनी भोकरीसाठी आणलेलं मासळीचं खत वरच्या तुकड्याला घातलं, भरपूर घातलं. मोटेचं पाणीही वाढवलं. मी म्हणाले, "वर खत कधी घालत नाही ना आपण?" ते म्हणाले, "वेलच गेले तर वास कुनाला यायचा?"

वेल तरारले. पौषात वरचा तुकडा खालच्यासारखा दिसू लागला, हिरवागार. लाल चिंध्या पानांत दिसेनाशा झाल्या. घड मोठे झाले, मणी टपोरे झाले. हे रोज सकाळी वर जाऊन उभे राहायचे. कितीतरी महिन्यांनी ते पोटभर जेवत होते.

माघाच्या सुरुवातीला त्यांनी मला नेलं. मणी चुरडला, माझ्या नाकाशी धरला.

"बोल."

गवत होतं. पाणी होतं. त्याच्याखाली काही नव्हतं. मी दुसरा मणी घेतला, दुसऱ्या वेलाचा, मग तिसऱ्या. सगळे तसेच. ह्यांचा चेहरा माझ्यासमोर होता, डोळे मिटलेले, ऐकायला तयार.

"येतोय," मी म्हणाले.

"जाई?"

"जाई थोडी. मध यायचाय अजून."

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ते मोकळ्यावर, दिवसाउजेडी, असं कधी करत नसत.

मला वाटलं होतं, आठवड्याभरात खरोखरच येईल. उशीर झालाय एवढंच. आठवड्याने पुन्हा गेलो, तेव्हाही नव्हता, आणि तेव्हा मला पहिलं खोटं मागे घेता आलं नाही. पंधरा दिवसांनी मी म्हणाले, "आज तोडा." तोपर्यंत मला एवढंच हवं होतं की द्राक्षं एकदाची जावीत आणि मला पुन्हा त्या ओळीत उभं राहावं लागू नये.

द्राक्षं तोडली, केळीची पानं घातलेल्या करंड्यांतून पाद्रीबाबांकडे गेली. महिन्याभराने पाद्रीबाबा स्वतः आले. टांग्यातून उतरायला त्यांना आता हात द्यावा लागायचा. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, आणि काठीच्या मुठीवर हात ठेवले.

"मी बरणी उघडली," ते म्हणाले. "वास नाही. मला रागवायचं नाही. पण यंदा तुम्ही खालची द्राक्षं पाठवली का? करंड्या बदलल्या असतील, माणसाची चूक होते."

"वरचीच हायेत," हे म्हणाले.

"तुमचं नाक कधी चुकत नाही. म्हणून विचारलं."

हे उठून उभे राहिले. दारात सासूबाई होत्या, मी होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. "माझं नाक दीड वर्षापूर्वी गेलं, पाद्रीबाबा," ते म्हणाले. "तापात. तुमास्नी सांगितलं नाय, ही माझी चूक. पण फसवलं नाय मी. वरचीच हायेत."

सासूबाई मटकन खाली बसल्या. पाद्रीबाबांनी काठी बाजूला ठेवली. "मग यंदा तोडायची वेळ कुणी सांगितली?"

"मीच," हे म्हणाले. "अंदाजानं. डोळ्यांनी बघून."

पाद्रीबाबा त्यांचा हात धरून काहीतरी म्हणाले, हळू आवाजात, ते मला ऐकू आलं नाही. मग टांगा गेला. सासूबाई आत जाऊन देवापुढे बसल्या. हे अंगणात उभे राहिले, मी त्यांच्यामागे.

"तुला कळलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. नाक कुणाचंही चुकतं. तेवढं म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं.

"कळलं होतं," मी म्हणाले. "पहिल्या दिवशीच."

त्यांनी मान हलवली. आवाज चढवला नाही. "खत मी घातलं, ते माझं झालं. पन तू पहिल्या दिवशी बोलली असतीस तर पाणी तोडलं असतं. पानं काढली असती. पंधरा दिवस व्हते हातात. सगळा नाय, पन थोडा आला असता." मग म्हणाले, "त्यांना वाटलं मी करंड्या बदलल्या."

"मला तुमच्याकडे बघवलं नाही म्हणून..."

"ते कळलं मला," ते म्हणाले, आणि मोटेकडे गेले.

पुढच्या वर्षी पाद्रीबाबांचा माणूस द्राक्षं विचारायला आला. ह्यांनी त्याला परत पाठवलं. म्हणाले, मला जे कळत नाही ते मी देणार नाही. वरच्या तुकड्याला खत बंद केलं होतं, पाणी कमी केलं होतं, तेही प्रेमाने नव्हे, लक्ष काढून घेतल्यासारखं. वेल पुन्हा किडमिडे झाले. त्या माघात मी एकटीच वर गेले, एक मणी चुरडला, आणि वास आला, पहिल्यासारखा नाही, पण आला. जाई होती. मी जवळजवळ पळत खाली आले.

"वरचा वास परत आलाय," मी म्हणाले.

हे दोर वळत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे क्षणभर बघितलं. "असंल," म्हणाले, आणि पुन्हा दोर वळू लागले. मी त्यांच्या हातात मणी ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि गिळला.

त्या उन्हाळ्यात पाद्रीबाबा गेल्याचं कळलं. हे त्यांच्या मातीला गेले, लांब उभे राहिले आणि परत आले. पावसाआधी त्यांनी ती सगळी बाग काढली. वेल, खुंट, पांगारे, सगळं. खालच्या तुकड्यात भोकरी वाढवली आणि वरच्या मुरमात पेरू लावले. पेरू चांगले झाले. लोक यायचे, कौतुक करायचे.

आम्ही पुढे सव्वीस वर्षं संसार केला, एक मुलगी झाली. ते मला कधी घालूनपाडून बोलले नाहीत, आणि मी आजारी पडले तेव्हा त्यांनी माझं सगळं केलं. पण त्यांचं नाक काही परत आलं नाही, आणि मला त्यांनी पुन्हा कशाचाही वास विचारला नाही. आंबा पिकला का, तूप खवट झालंय का, दूध नासलंय का, असं काही बघायचं असलं की वाटी हातात घेऊन ते ओसरीवरून हाक मारायचे. मी जवळ उभी असले तरी हाक आमच्या मुलीला असायची.